सेरेसची वाफ आणि आमच्या गल्लीचा वॉल

सेरेसवर पाण्याची वाफ सापडल्याची बातमी मी बाबांना का सांगितली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. घरात बोलायला विषय नव्हता असं नाही. एक विषय होता आणि तो आम्ही दोघंही टाळत होतो. सोसायटीची पाण्याची मोटर जळली होती, बाबांच्या हातून जळली होती, आणि येत्या रविवारी वॉलची, म्हणजे गल्लीला पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची, चावी त्यांच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची याचा निकाल लागणार होता. त्या चावीत बाबांचा जीव अडकलेला. तर असल्या आठवड्यात आम्ही बापलेक जेवताना काय बोललो, तर सेरेस.

मी कांदिवलीच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. जिन्याखाली एक फळा होता, त्यावर रोज सकाळी खडूने विज्ञानाची बातमी लिहायचं काम माझं. पोरं ती वाचायची नाहीत, पण मी नेमाने लिहायचे, कारण मी मुळातच हट्टी. त्या दिवशी लिहिलं होतं की मंगळ आणि गुरू यांच्या मधे दगडधोंड्यांचा जो पट्टा आहे, त्यातला सगळ्यात मोठा गोळा म्हणजे सेरेस, त्याला बटुग्रह म्हणतात, आणि त्याच्यावरून पाण्याची वाफ निघताना आढळली आहे. मधल्या सुट्टीत एका पोराने ‘बटु’ला शेंडी काढून ठेवली. एवढाच काय तो प्रतिसाद.

बाबांनी मात्र हातातला घास तसाच धरला. आमच्या घरी बाबा मालवणीत बोलायचे आणि मी मराठीत, दोघांचंही त्यामुळे कधी अडलं नाही.

“पाणी गावला? कोणी बघलान?”

“पाणी नाही दिसलं बाबा. वाफ. तीही डोळ्यांनी नाही. अवकाशातल्या दुर्बिणीने तिकडचा उजेड तपासला, त्यातला थोडा उजेड वाटेत वाफेने खाल्ला होता. त्यावरून कळलं.”

“म्हणजे आधी वारोच गावलो.”

“वारा नव्हे, वाफ.”

“ताच ता,” बाबा म्हणाले आणि घास तोंडात घातला. “आधी वारो येता, मगे पाणी येता. थय पण तसाच आसतला. पाणी आसा थय, लिहून ठेव.”

मला हसू आलं आणि तेवढंच रडूही. कारण ‘आधी वारो येता’ हे बाबांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन, फ्रॉकवर त्यांची जुनी बंडी चढवून पहाटे पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी उभी.

आमची गल्ली चारकोपच्या एका सेक्टरमधली. बैठी घरं, समोरासमोर दोन ओळी, मधे फरशीची वाट, वाटेच्या कडेने गटार आणि गटाराच्या वर भिंतीला धरून गेलेला लोखंडी पाइप. बाबा गिरणीत साचे खात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. गिरणी बंद पडली तशी गिरणगावातली खोली सोडून आम्ही इथे आलो, आणि बाबांना पहारेकऱ्याची नोकरी लागली. ती त्यांनी केली, पण ती त्यांची कधी झाली नाही. त्यांचं खरं काम ठरलं ते पाणी सोडण्याचं. कोणी नेमलं नव्हतं. पहिल्या वर्षी पाण्यावरून एवढी भांडणं व्हायची की एका सकाळी बाबांनी वॉलची चावी हातात घेतली आणि म्हणाले, आता कोणी बोलायचं नाही. ती चावी म्हणजे कमरेएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. त्या दिवसापासून ती आमच्या दाराच्या मागे उभी राहिली.

पाणी पहाटे यायचं, दीड तास. अर्धा वेळ डावी ओळ, अर्धा वेळ उजवी. पाण्याला जोर नसायचा म्हणून सोसायटीने मोटर बसवली होती, ती नियमात बसत होती की नाही हे मला विचारू नका. गोम अशी होती की रात्रभर रिकाम्या राहिलेल्या पाइपातून पाण्याच्या आधी हवा येते. हवा असताना मोटर चालू केली तर ती कोरडी फिरते आणि जळते. फार उशीर केला तर तेवढं पाणी पुढच्या सोसायट्या ओढून घेतात. म्हणजे हवा संपून पाणी पोचलं, तो नेमका क्षण पकडायचा.

बाबा तो कानाने पकडायचे. नुसता कान नव्हे. कानामागचं हाड पाइपाला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. मग बटण दाबायचे, वॉल फिरवायचे आणि पूर्ण गल्लीतून चालत जात ओरडायचे, “पाणीऽऽ!” त्या हाकेआधी कोणी नळ उघडायचा नाही, हा त्यांचा कायदा. उघडला तर हवा तिथेच फुटून जोर जायचा. एकदा एका काकूंनी घाईने नळ सोडला, तर बाबांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. काकू आईकडे येऊन रडल्या.

मला त्यांनी शिकवलं ते असंच. माझं डोकं धरून पाइपाला लावलं. गार लोखंड, मला शिरशिरी आली. आधी काहीच नाही, मग लांबून कोणीतरी झोपेत श्वास सोडावा तसा आवाज. “ह्यो वारो,” बाबा पुटपुटले. “थांब. दम धर.” आणि मग गुडगुड, ती वाढत जवळ आली आणि माझ्या दातांत वाजली. मी ओरडले, “आलं!” बाबांनी बटण दाबलं. त्या सकाळी सगळ्या गल्लीने माझ्या शब्दावर पाणी भरलं. शाळेत पुढे मला काय काय मिळालं, बक्षिसं, शाली, पण तसा थाट परत नाही.

त्या सकाळी आठवल्या की अजूनही जीव कसनुसा होतो. आई कालचं पाणी शिळं म्हणून तुळशीला आणि उंबऱ्यावर ओतायची, कळशी चिंचेने घासून पालथी घालून ठेवायची आणि हाक येईपर्यंत चहा. चांगलं असलेलं पाणी शिळं कसं होतं, हे मी विज्ञान शिकून आल्यावर तिला शंभरदा विचारलं. “तू शिकव तुझ्या शाळेत,” असं म्हणून ती ओतायचीच. हाक आली की एका ओळीचे सगळे नळ एकदम सुटायचे, आणि त्या आवाजात कोणाचं काही ऐकू यायचं नाही, तरी सगळे बोलत असायचे. आता त्याच जागी आमचा टॉवर उभा आहे. नळाला चोवीस तास पाणी आणि शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही.

तर सेरेस. बाबांनी ती बातमी दुसऱ्या दिवशी गल्लीभर केली. दूधवाल्यापासून सगळ्यांना. “आयकलास? वर पाणी गावला.” लोक आधीच मोटरीवरून तापलेले, ते टोमणे मारायला टपलेलेच. कोणी म्हणालं, काका, तिकडे टायमिंग काय? कोणी म्हणालं, तिकडची मोटर तरी नीट ठेवा. बाबा हसले. त्यांना ऐकू आलं नव्हतं म्हणून हसले, हे मला कळत होतं आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. लोकांवर जाणारा राग मी बाबांवर काढला. “कशाला सांगत फिरता? हसतायत तुम्हाला!” बाबा शांतपणे म्हणाले, “हसांदे. वारो गावलो म्हणजे पाणी आसा. ह्या माझ्यापेक्षा जास्त कोणाक ठावक?”

इथे पुढची एक गोष्ट आताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. वर्षभराने एक यान खरंच सेरेसपाशी पोचलं आणि त्याने फोटो पाठवले. काळपट गोळ्यावर एका खड्ड्यात लख्ख पांढरे ठिपके. ते काय असावेत यावर जगभर चर्चा. मी पेपरातलं कात्रण घरी आणलं. बाबांनी चष्मा चढवला, कात्रण उजेडाला धरलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. “हय गळता.” आमच्या पाइपाच्या जोडावर पाणी झिरपून सुकलं की तिथे पांढरी खपली धरायची, बाबा ती नखाने खरवडून गळती शोधायचे. “पाणी वर इला, सुकला, खार रवलो,” ते म्हणाले, जणू समोरच्या ओळीतल्या नळाचंच बोलतायत. पुढे शास्त्रज्ञांनीही सांगितलं की ते क्षार आहेत, बरेचसे धुण्याच्या सोड्याच्या जातीचे, आणि आतलं खारं पाणी वर येऊन सुकल्यावर मागे राहिलेले. मी ती बातमी फळ्यावर लिहिली तेव्हा खाली बाबांचं नाव लिहावंसं वाटलं होतं. नाही लिहिलं. मुख्याध्यापकांनी काय म्हटलं असतं, ही भीती. आज चुटपुट लागते.

पण त्या जानेवारीकडे परत येते. बाबांना ऐकू येत नव्हतं. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचे कान धड कसे राहणार? कान आधीच गेले होते, हाडाने चाललं होतं, आणि आता हाडही साथ देईना. ते कोणाला सांगायचे नाहीत. मला तर नाहीच. मी समोर उभी राहून बोलले की ओठांवरून ओळखायचे, पाठमोरी बोलले की “हां हां” म्हणायचे. पाइपापाशी त्यांनी नवीन युक्ती काढली होती. डोकं टेकवायचं नाटक करायचं आणि खरी पारख तळहाताने करायची. पाणी आलं की लोखंड गार पडतं, त्यावरून. उन्हाळ्यात, पावसाळ्यात ते निभलं. त्या जानेवारीत मात्र मुंबईत थंडी पडली. चार सकाळी लोक कानटोप्या घालून फिरत होते. पाइप आधीपासूनच गारठलेला. बाबांच्या हाताला गार लागलं, त्यांना वाटलं पाणी पोचलं, आणि त्यांनी बटण दाबलं. मोटर कोरडी फिरली, जळका वास सुटला आणि गल्लीत दोन दिवस पाणी नाही.

सोसायटीचा चेअरमन समोरच्या ओळीतला, माझ्याच वयाचा. आम्ही एकत्र लगोरी खेळलेलो, त्यामुळे अरे-तुरे. तो शुक्रवारी मला नाक्यावर गाठून म्हणाला, “हे बघ, नवीन मोटर बसवलीय. काकांना ऐकू येत नाही असं सगळे म्हणतायत. तू सांग, येतं का?”

“तूच विचार ना त्यांना.”

“विचारलं. म्हणाले मोटर जुनी होती.” मग तो थोडा घुटमळला. “रविवारी सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी एकदा दाखवावं. पाणी आलं की हात वर करायचा. जमलं तर विषय संपला. मला पण बरं नाही वाटत गं हे.”

माझी वाट लागली. दहावीच्या परीक्षेत पोरांच्या बाह्या उलट्या करून चिठ्ठ्या काढणारी मी. पण शनिवारी मी बाबांना खुर्चीत बसवलं, समोर बसले आणि सावकाश सांगितलं, “मी पहिल्या नळापाशी उभी राहीन. तो उघडा ठेवायला सांगू, खात्रीसाठी. मला ऐकू येईल. पाणी पोचलं की मी ओढणी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेईन. तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचं. बघितलं की हात वर.”

बाबांनी माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत पाहिलं. मी ते होकारात धरलं.

रविवारी सगळी गल्ली जमली. शाल पांघरून, हाताची घडी घालून. मला त्या सगळ्यांचा राग येत होता आणि त्यांचं चुकतही नव्हतं, हे त्याहून वाईट. पहिला नळ उघडा, खाली चेअरमनच्या घरची निळी बादली. मी नळाशी उभी राहिले, ओढणी डाव्या खांद्यावर. बाबा चावी घेऊन आले. पाइपाशी बसले. माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि मग सरळ भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनी डोकं पाइपाला टेकवलं.

मला वाटलं, विसरले. वळतील आता. नळातून वारा सुटला, शीळ घातल्यासारखा. मग नळ खाकरला. पाण्याची धार लागली, बादलीच्या तळाशी वाजली. मी ओढणी उजवीकडे घेतली. परत डावीकडे, परत उजवीकडे. खोकले, जणू खोकल्याने काही होणार होतं. बाबांचा हात पाइपावर, डोळे मिटलेले, मान हलत नव्हती. पाणी पडत राहिलं. सगळे खाली फरशीकडे बघत होते. एकानेही तोंडातून आवाज काढला नाही, ज्यांनी टोमणे मारले होते त्यांनीही नाही.

बादली अर्धी झाली तेव्हा बाबांनी हात वर केला. डोळे उघडून वळले.

चेअरमन पटकन म्हणाला, “बरोबर काका. आलंय पाणी. बरोबर.”

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बादलीकडे. “अर्धी बादली भरली,” ते म्हणाले. “खोटा कित्याक बोलतस?” मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वारो आता माका गावणा नाय. पाणी तेवढा गावता, ता पण उशिरान.” चावी त्यांनी माझ्या हातात दिली. “हिका येता. हिच्याकडे आसांदे.”

घरी आल्यावर मी भडकले. का पाठ फिरवली? सगळं ठरलं होतं ना आपलं? एका नजरेचं काम होतं! बाबांनी चपला काढून नीट लावल्या.

“वर्गात पोरांका असा करूक देतस तू?”

मी मोरीत गेले, दार लावून बसले आणि रडले. बाबांसाठी रडले, आणि त्यांनी मला ओळखलं म्हणूनही.

सोमवारी पहाटे मी पहिल्यांदा एकटी पाइपापाशी गेले. भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी मिरवावंसंही वाटत होतं. हाड टेकवलं. वारा आला. दम धरला. गुडगुड दातांत वाजली, बटण दाबलं, वॉल फिरवला आणि वर्गात लावते त्या आवाजात ओरडत गल्लीभर गेले, “पाणीऽऽ!” नळ सुटले. कोणीतरी म्हणालं, बाई, झकास. अर्ध्या वेळाने दुसरी ओळ. दीड तास कसा गेला कळलं नाही.

चावी खांद्यावर टाकून घरी आले तर बाबा मोरीच्या उंबऱ्यावर बसलेले. आई गेल्यापासून घरचं पाणी मी भरायचे, कारण ते गल्लीचं बघायचे. त्या दिवशी ती पाळी त्यांची. त्यांनी पिंप धुतलं होतं, कळशी घासली होती, हंडा, दोन बादल्या, सगळं नळाखाली ओळीने मांडलं होतं. सगळं कोरडं. नळ बंद. हाकेआधी नळ उघडायचा नाही, म्हणून त्यांनी तो उघडला नव्हता. माझी हाक आमच्या दारावरून दोनदा गेली होती.

मला बघून ते उठले. “आज इला नाय पाणी?”

मी त्यांच्या समोर उकिडवी बसले, ओठ दिसतील अशी, आणि म्हटलं, “आलं होतं बाबा. गेलं.”

त्यांनी भांड्यांकडे पाहिलं. “माका कोणी सांगूक नाय,” म्हणाले. तक्रार नव्हती त्यात.

दुसऱ्या दिवशी वारा आला, पाणी पोचलं, मी मोटर चालू केली, वॉल फिरवला आणि हाक न मारता आधी घरी गेले. मोरीत उभ्या असलेल्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मान डोलावली, नळ सोडला, धारेखाली कळशी लावली. मग बाहेर येऊन मी गल्लीला हाक दिली. रोज असंच, पुढची पाच वर्षं. मोटरीचा आवाज तर सगळ्यांना ऐकू यायचा, पाणी आलंय हे सगळ्यांना कळायचं. तरी माझी हाक येईपर्यंत पस्तीस घरांत एकाही बाईने नळाला हात लावला नाही.